वरून आलेला कागद

हिरा सरपंच झाली त्याला दीड वर्ष होत आलं होतं, पण गावात काय ठरतं ते तिला सगळ्यांत शेवटी कळायचं. आधी ती लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात पाकिटं भरायची. जागा राखीव निघाली आणि माजी सरपंच दत्तोबांनी तिला उभं केलं. तेव्हापासून ग्रामसेवक कागद आणायचे, सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली असायची. हिरानं विचारलंच तर दत्तोबा म्हणायचे, "वरून आलंय." वर कोण बसलंय, ते कुणी पाहिलं नव्हतं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पडवीत ग्रामसभा सुरू झाली. वीस-पंचवीस माणसं, तीही जिलेबीसाठी थांबलेली. ग्रामसेवक विषय भराभर वाचत होते. तेवढ्यात विठाबाई उठल्या. त्यांच्या म्हशी गायरानातल्या झऱ्यावर जायच्या आणि त्या वाटेवर परवा तारेचं कुंपण उभं राहिलं होतं.

"वाट कुनी बंद केली?"

"मावशी, तितं रिसॉर्ट व्हनार हाय. वरून मंजुरी हाय," दत्तोबा म्हणाले.

"वरून म्हंजी कुटनं? नाव सांग की त्याचं."

दत्तोबांनी हसून ग्रामसेवकांना पुढचा विषय घ्यायची खूण केली. विठाबाई हिराकडे वळल्या. "तू सरपंच हायस. तुला तर ठावं आसंल?"

हिरानं ग्रामसेवकांपुढचं ठरावांचं बुक ओढून घेतलं. पानं उलटता उलटता सापडलं: गायरानातली वाट बंद करण्यास ग्रामपंचायतीची हरकत नाही. खाली तिचीच सही. गप्प बसता आलं असतं. दत्तोबा नजरेनं तेच सांगत होते. तिनं ठराव मोठ्यानं वाचला, अडखळत, शेवटच्या ओळीपर्यंत.

"सही माजी हाय," ती म्हणाली. "न वाचता केली. दुसऱ्या कुनाचं नाव सांगू? चुकी माजी हाय."

आता शिव्या पडणार असं तिला वाटलं. पडल्याही, दोन-तीन. मग मागून म्हातारे धोंडिबा म्हणाले, "हितं कुनी चुकलो म्हनल्यालं आयकून लय दीस झालं. रद्द कर की मग."

हात वर झाले. जिलेबी वाटून झाली तरी कोणी उठेना. ग्रामसेवकांनी नवा ठराव लिहिला: वाट खुली करावी, आणि यापुढे सभेत वाचल्याशिवाय एकही ठराव होऊ नये. हिरानं तो दोनदा वाचला, मगच सही केली.

दत्तोबा महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. तहसील कचेरीत तिला चार हेलपाटे पडले. दरवेळी सोबतीला विठाबाई. रिसॉर्टचं प्रकरण काही मिटलं नाही, पण वाटेपुरती तार निघाली. मध्ये एकदा रिसॉर्टवाल्यांचा एक माणूस गाडीतून तिच्या दारात आला. "मॅडम, हे मिटवायचं तर नेमकं कुणाशी बोलायचं?"

"गावाशी," हिरा म्हणाली. "दोन ऑक्टोबरला सभा हाय. या."

तो आला नाही. पण त्या दिवशी पडवी पुरली नाही, लोक पार मैदानात बसले. पहिलाच विषय वाचून होतो न होतो, तोच कॉलेजात जाणारी समीक्षा हात वर करून उभी राहिली.

"बोल गं," हिरा म्हणाली, आणि ऐकायला पुढे सरकली.