आईचा नंबर

प्रोग्रॅम लिहिणारे पुष्कळ असतात. तो नीट चालतो का हे तपासणारा दुसरा प्रोग्रॅम लिहायला मात्र कुणी राजी नसतं. ते काम या पोरीच्या गळ्यात पडलं आणि हिने ते जीव ओतून केलं. ऑफिसात तिला 'शंकेखोर' म्हणायचे. म्हणोत बापडे!

तिची कंपनी दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचा प्रोग्रॅम बनवायची. प्रोग्रॅममधली एक ओळ जरी कुणी बदलली, तरी हिच्या टेस्ट, म्हणजे ते तपासणारे प्रोग्रॅम, आपोआप चालायच्या. खोटा पेशंट नोंदवायचा, खोटा रिपोर्ट चढवायचा आणि 'रिपोर्ट आला आहे, त्वरित भेटा' हा मेसेज जातो का बघायचं. बाकीच्यांचं म्हणणं, मेसेज गेला असं नुसतं भासवलं तरी चालतं. ही हटून बसली. "खऱ्या फोनवर खरा मेसेज पोचल्याशिवाय मी नाही मानायची!" मग नंबर कुणाचा घालायचा? आईचा घातला. आईसारखं हक्काचं माणूस दुसरं कोण?

"आई, दिवसातून पाच-सहा मेसेज येतील. घाबरू नकोस. सगळे माझेच असतील, लक्षच देऊ नकोस."

"बरं बाई," आई म्हणाली. आणि त्या माउलीने शब्द पाळला.

पुढे आईच्या मानेला गाठ आली. पोरीच्या जिवाला घोर नको म्हणून ती एकटीच दवाखान्यात गेली, तपासणीसाठी गाठीचा तुकडा देऊन आली आणि स्वस्थ बसली. काही असलं तर कळवतील की! दवाखान्याने कळवलंही, दुसऱ्याच आठवड्यात. त्यांच्याकडे प्रोग्रॅम हिच्याच कंपनीचा होता, त्यामुळे मेसेजचे शब्दही तेच.

चार महिन्यांनी गाठ लपेनाशी झाली, तेव्हा लेक आईला घेऊन गेली. डॉक्टरांनी स्क्रीन पाहिला. "आम्ही तर लगेच मेसेज केला होता. तेव्हाच आला असतात तर..." तिने आईचा फोन उघडला. आपल्याच शेकडो मेसेजांत तो एक सापडायला वेळ लागला. सापडला, तेव्हा तिने तारीख पाहिली. त्या दिवशीसुद्धा तिच्या टेस्ट एकूण एक पास झाल्या होत्या. जळली मेली ती हुशारी!

बाहेर बाकावर बसल्यावर आई म्हणाली, "मी वाचला होता गं तो. म्हटलं, पोरगी रविवारीसुद्धा राबतेय." मग तिचा हात घट्ट धरून, "दादाला यातलं अवाक्षर सांगायचं नाही. भीती वाटली म्हणून मीच गेले नाही, असं सांगणार आहे मी. तुला माझी शपथ."

संध्याकाळी थोरला भाऊ आला. आईने ठरवलेलं सांगितलं आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. "मेसेज आला होता आणि तू गप्प बसलीस? चार महिने? आमचा कुणाचा विचार नाही आला मनात?" बोलता बोलता तो रडायलाच लागला. आई खाली मान घालून ऐकत होती.

लेकीच्या अगदी ओठांवर आलं होतं सगळं. शपथेचं निमित्त होतं खरं, पण ती भ्याली. भावाने डोळे पुसले आणि तिच्याकडे वळला. "तू तरी बोल ना हिला काहीतरी!"

ती आईकडे न बघता म्हणाली, "खरंच आई, असं करायला नको होतंस तू."

"हो गं बाई," आई म्हणाली, "चुकलंच माझं."