आज पाणी नको

मित्रांनो, मी एक जुना पाम आहे, आणि या खोलीत माझ्या वयाचे आता फक्त शिवणयंत्र उरले आहे.

माझा जन्म रोपवाटिकेत झाला. तिथले मालक प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच पाढा ऐकवत, "उजेड द्या, कडक ऊन नको. वरची माती सुकली तरच पाणी." लोक मान डोलवत आणि घरी जाऊन आपलेच खरे करत.

मला मात्र शहाणी मालकीण मिळाली. ती कपडे शिवायची. सगळे तिला ताई म्हणत. तिने मला पडद्याआडच्या उजेडात ठेवले. पानांची करपलेली टोके ती कात्रीने हलकेच काढी. कापडाच्या कात्रीने नव्हे हं! तिला कोणी हात लावला की ताई घर डोक्यावर घेई. माप द्यायला आलेल्या बायका माझे कौतुक करत आणि मी शेफारून जात असे. फक्त ताईचा धाकटा भाऊ, निवृत्त बस कंडक्टर, मला 'झुडूप' म्हणे आणि जाता-येता "पुढे सरका" असे बजावे.

मग एका सकाळी ताईचा उजवा हात लुळा पडला. ती महिनाभर दवाखान्यात होती. माझ्यावर धूळ साचली, पण तक्रार कोणाकडे करणार? भाऊच धावून धावून अर्धा झाला होता.

ताई घरी आली तेव्हा हात थोडा हलत होता, पण बोटांना काही कळत नव्हते. सुई नाही की कापड नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "रोजचं एखादं काम याच हातानं करा." ताईने मला पाणी घालायचे काम निवडले. पहिल्या दिवशी मग्यातले सगळे पाणी फरशीवर सांडले. आठव्या दिवशी सगळे कुंडीत पडले. भाऊ शेजाऱ्यांना सांगत सुटला.

पण मित्रांनो, हाताच्या सरावाच्या नादात ताई सकाळी एक मगा ओती आणि संध्याकाळी दुसरा. माझी मुळे कुजू लागली, पाने पिवळी पडली. भाऊ एक पान घेऊन रोपवाटिकेत गेला. "पाणी बंद करा, नाहीतर हा हातचा जाईल," मालक म्हणाले. तो परतला तेव्हा ताई मगा भरत होती, आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच गुणगुणत होती. भावाने पान मुकाट्याने खिशात घातले. ताई झोपली की तो माझ्या कुंडीखालच्या ताटलीतले पाणी ओतून टाकी. पण तेवढ्याने चिखल थोडाच सुकतो?

शेवटी त्याने व्यायामाच्या बाईंना गाठले. त्यांनी ताईला नवा नियम घालून दिला, "ओतायच्या आधी उजव्या हाताचं बोट मातीत घाला. ओलं लागलं तर ओतू नका."

ताईने बोट घातले. "काही कळत नाही."

"मग डाव्या हातानं बघ ना!" भाऊ कळवळून म्हणाला.

"डाव्यानं कशाला मध्ये तोंड घालायचं? ज्याचं काम त्यानं करावं." आणि तिने मगा रिकामा केला.

असे अकरा दिवस चालले. माझी तीन पाने गळली. मला तिचा राग आला नाही म्हणालो तर खोटे ठरेल.

बाराव्या सकाळी तिने बोट घातले आणि ती तशीच थांबली. बोट काढले, पुन्हा घातले.

"अरे, इकडे ये!"

"काय झालं? पडलीस का?"

"गार लागतंय."

"काय गार?"

"माती! गार आहे, चिकट आहे. ओली गच्च आहे रे!"

भावाच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. त्याने खिशातले ते सुकलेले पान काढून तिच्यासमोर ठेवले आणि सगळे सांगून टाकले.

"म्हणजे मी याला रोज बुडवत होते? आणि तू बघत बसलास, गाढवा?"

"तू किती खूश असायचीस ताई. कुठल्या तोंडानं सांगू?"

ताई रडता रडता हसली. मग तिने भरलेला मगा बाजूला ठेवला. "आज पाणी नको."

त्याच दिवशी दोघांनी मला कुंडीतून काढले, कुजकी मुळे छाटली आणि कोरडी, भुसभुशीत माती भरली. माझी निम्मी मुळे गेली. आता मधून एक नवे पान वर येते आहे, अजून मिटलेले. ताई ओल्या फडक्याने बाकीची पाने पुसते आणि प्रत्येक पानाची शीर बोटाने चाचपते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुंडी असेल तर पाणी घालण्याआधी तिच्या मातीत बोट घाला. माया करायच्या आधी एवढे विचारावे. ताईवर मात्र माझा राग उरलेला नाही. जे पाणी मला बुडवत होते, तेच तिच्या बोटाला सगळ्यांत आधी जाणवले.