सोमवारची तपासणी

"आई, जरा उजेडात या. हे बघा काय आहे."

रविवारची सकाळ होती. सुनेने खिडकीखाली जुनं वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर लेकीला, चिमीला, मान खाली घालून बसवलं होतं आणि फणी सासूच्या, म्हणजे मावशींच्या, नाकासमोर धरली होती. मावशींनी डोळे बारीक केले, मोठे केले, मान मागे घेऊन पाहिली.

"कोंडा आहे," त्या म्हणाल्या. "तेल लाव थोडं."

"कोंडा चालतो का, आई?"

फणीच्या दातांवर काहीतरी चालत होतं म्हणे. सुनेला दिसत होतं, आठ वर्षांच्या चिमीला दिसत होतं, आणि बावीस वर्षं अख्ख्या शाळेच्या उवा पकडलेल्या बाईला तेवढं दिसत नव्हतं.

मावशी शाळेत शिपाई होत्या. घंटा द्यायची, पाण्याची टाकी भरून घ्यायची, पडलेल्या मुलांच्या गुडघ्यांना औषध लावायचं, अशी शंभर कामं त्यांच्याकडे होती. पण त्यांचं नाव झालं ते सोमवारच्या तपासणीमुळे. दर सोमवारी व्हरांड्याच्या टोकाला स्टूल टाकून त्या बसायच्या आणि एकेक वर्ग रांगेने समोर यायचा. हातात दोन पेन्सिली. आधी कानामागचे केस बाजूला सारायचे, मग मानेवरचे, मग भांग. पांढरं काही दिसलं की हलकी फुंकर मारायची. उडालं तर कोंडा, चिकटून राहिलं तर लीख. ज्याच्या डोक्यात सापडेल त्याच्या हातात घरच्यांसाठी चिठ्ठी द्यायची आणि आठवडाभर त्याला मागच्या बाकावर एकटं बसवायचं. हा मागच्या बाकाचा नियम मोठ्या बाईंचा नव्हे, मावशींचाच. भल्याभल्यांची मुलं त्यांनी तिथे बसवली होती. चिठ्ठी घेऊन तणतणत आलेले आईबाप त्यांचं ऐकून घेऊन मुकाट्याने परत गेले होते, कारण मावशींचं बोट कधी चुकायचं नाही.

दोन वर्षं झाली, त्यांच्या डोळ्यांवर साय धरल्यासारखं झालं होतं. मोतीबिंदू असणार, हे कळायला त्यांना डॉक्टर नको होता. पण डॉक्टरकडे गेलं की कागद होणार, तो कागद शाळेत जाणार आणि तपासणी दुसऱ्या कोणाकडे जाणार. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. घरात मुलगा कमावता होता, सून कमावती होती, उपाशी काही कोणी राहणार नव्हतं. पण तपासणी गेली की आपण नुसत्या घंटा बडवणाऱ्या बाई उरलो, या विचाराने मावशींना जेवण जायचं नाही. म्हणून त्यांनी हातचलाखी सुरू केली. कोण डोकं खाजवतंय ते रांगेतच हेरून ठेवायचं. कोणाच्या घरी कशी स्वच्छता आहे, ते माहीत होतंच. बाकीचं अंदाजाने. दोन वर्षं सगळं निभावलं, आणि आपला अंदाज म्हणजेच नजर, असं त्यांना हळूहळू वाटायला लागलं.

ही चिमी मागच्याच सोमवारी त्यांच्या पेन्सिलींखालून गेली होती. "लख्ख," असं त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या.

"तुझ्या कारखान्यातून आल्या असतील," मावशी सुनेला म्हणाल्या. "शंभर बायका एकत्र बसता तिथे."

"तिथे टोपी घालावी लागते, आई. केस दिसला तर आत घेत नाहीत." सून शांतपणे फणी पाण्यात बुडवत होती. ती भांडायला उभी राहिली असती तर मावशींना बरं वाटलं असतं. "माझंही बघून घेतलं मी सकाळी, आरशात. काही नाही. यांचं तर बघायचीच गरज नाही."

ते मात्र खरं होतं. मावशींच्या मुलाला तिशीतच टक्कल पडलं होतं, तिथे उवेला राहायला जागाच नव्हती. चिमी फिदीफिदी हसली. मग सून म्हणाली, "चिमी रोज तुमच्याजवळ झोपते. तुमचंही बघू या का?"

"माझं?"

मावशींना राग आला. बावीस वर्षांत त्यांच्या डोक्याला कोणी हात लावला नव्हता. कोण लावणार, आणि कशाला? पण आठवडाभर मानेवर खाज होती, ती घामाची म्हणून त्यांनी सोडून दिली होती. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या, पाणी प्यायल्या, परत आल्या आणि वर्तमानपत्रावर बसल्या. अंबाडा त्यांनी स्वतःच सोडला.

सुनेचा हात हलका होता. ती फणी मुळापासून टोकापर्यंत ओढायची, पाण्यात झटकायची, परत ओढायची.

"किती?" मावशींनी विचारलं.

"आहेत थोड्या."

"किती, विचारतेय मी."

"मोजल्या नाहीत, आई." सून थांबली. "तुमच्या डोक्यात जुन्या आहेत. चिमीला तुमच्याकडून गेल्यात, असं वाटतंय मला. ही केवढी मोठी आहे बघा."

तिने फणी पुढे केली. मावशींनी मान हलवली, "हो, मोठी आहे," असं म्हणाल्याही. पण ऊ फणीच्या डाव्या टोकाला होती आणि मावशी उजव्या टोकाकडे बघत होत्या. सुनेचा हात तिथेच राहिला.

"आई, तुम्हाला दिसत नाहीये."

"दिसतं की. बारीक तेवढं दिसत नाही."

"कधीपासून?"

सुनेने चिमीला वाटीभर साखर आणायच्या निमित्ताने शेजारी पिटाळलं आणि मग हळू आवाजात म्हणाली, "मी कोणाला सांगणार नाही. यांनाही नाही. डोळ्यांचं काय ते सुट्टीत बघू. औषधाची बाटली आणते, दोघींना लावू, चादरी, उशांचे अभ्रे गरम पाण्यात टाकते. नऊ दिवसांनी परत एकदा लावलं की संपलं. शाळेत कोणाला कळायचं काही कारण नाही."

मावशींचा जीव भांड्यात पडला. ही मुलगी चांगली आहे, हे त्यांना माहीत होतं, पण इतकी चांगली असेल असं वाटलं नव्हतं. दुपारपर्यंत घरभर औषधाचा उग्र वास भरला, दोरीवर चादरी लटकल्या आणि ओल्या केसांचं गाठोडं बांधून आजी-नात शेजारीशेजारी बसल्या.

"आजी, आता मीपण मागच्या बाकावर बसू?" चिमीने विचारलं.

"कशाला?"

"माझ्या डोक्यात निघाल्या ना. मग मी तिच्याजवळ बसते. ती एकटीच असते. कोणाशी बोलत नाही आता. तिच्या आईने तिचे केस कापले शुक्रवारी."

'ती' म्हणजे शिवणकाम करणाऱ्या बाईंची मुलगी. तिसरीत, चिमीच्याच वर्गात. कंबरेपर्यंत केस, दोन वेण्या, आणि त्या वेण्यांचं तिला भारी कौतुक. मागच्या सोमवारी मावशींनी तिला रांगेतून बाहेर काढलं होतं. तिच्या केसांत पांढरं पांढरं होतं, एवढं मात्र मावशींना दिसलं होतं, कारण ते बरंच होतं. "मावशी, तो अस्तराचा कापूस आहे," ती म्हणाली होती. "आई कापडं फाडते ना, तिथेच मी झोपते." आणि मावशी म्हणाल्या होत्या, "मला शिकवतेस?" चिठ्ठी तिच्या हातात कोंबली होती. फुंकर मारली नव्हती. साधी एक फुंकर.

"किती कापले?" मावशींनी विचारलं.

"सगळे. मुलग्यासारखे. तिची आई म्हणाली, घरात लोकांचे कपडे असतात, कोणी शिवायला टाकणार नाही. कापल्यावर बघितलं तर नुसता कापूस निघाला. ती रडली नाही पण. मी असते तर रडले असते."

मावशींनी चिमीच्या डोक्यावरचं गाठोडं सारखं केलं आणि उठून गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना रडू येत होतं आणि स्वतःचा भयंकर संतापही येत होता. आपण त्या पोरीचं काय करून ठेवलं, हे एकदा मनात आलं ते जाईना. सुनेने दिलेली सुटका किती सोपी होती. गप्प बसायचं, बस.

सोमवारी घंटा देऊन मावशी मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. सगळं सांगितलं. डोळ्यांचं, कापसाचं, स्वतःच्या डोक्याचं. काही लपवलं नाही.

मोठ्या बाई बराच वेळ टेबलावरची टाचणी फिरवत राहिल्या. "मावशी, हे आधी सांगायचं होतं."

"हो."

"तपासणी आता तुमच्याकडे ठेवता येणार नाही. आरोग्य केंद्रातून कोणाला तरी बोलावू."

"हो, बाई."

"आणि त्या मुलीच्या घरी मी चिठ्ठी पाठवते. चूक झाली म्हणून."

"तिच्या आईकडे संध्याकाळी मी स्वतः जाणार आहे. पण आधी वर्गात सांगते."

"मुलांसमोर?" बाईंनी टाचणी खाली ठेवली. "अहो, उद्यापासून कोण ऐकेल तुमचं? घंटेला तरी दाद देतील का? दीड वर्ष काढायचंय तुम्हाला या पोरांमध्ये."

"तिला बाहेर काढलं ते पोरांसमोरच काढलं मी," मावशी म्हणाल्या.

तिसरीचा वर्ग व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होता. मावशी आत आल्या तसं मुलांनी सवयीने मानेवरचे केस सारखे केले. वर्गशिक्षिका फळ्याजवळून बाजूला झाल्या. मावशींना भाषण वगैरे येत नव्हतं. त्या टेबलाचा कोपरा धरून उभ्या राहिल्या आणि रस्ता सांगावा तशा बोलल्या. मागच्या सोमवारी मी चुकले. तिच्या डोक्यात काही नव्हतं, कापूस होता. ती खरं सांगत होती, मी ऐकलं नाही. मला आता बारीक दिसत नाही, ते मी लपवलं. उवा माझ्या डोक्यात होत्या.

पहिल्या बाकावरच्या एकाने हळूच विचारलं, "तुमच्या डोक्यात? खऱ्या?"

"खऱ्या. औषध लावलंय. पुढच्या आठवड्यात परत लावायचंय."

मग वर्ग हसला. आधी एक, मग चार, मग सगळा. वर्गशिक्षिका छडी आपटायला लागल्या, पण मावशींनी हातानेच नको म्हटलं. हसू दे. चिमी तेवढी हसली नाही, तिचे कान लाल झाले होते. मागच्या बाकावरची मुलगीही हसली नाही. तिचं डोकं एवढंसं दिसत होतं, आणि कान एकदम मोठे. केस सरळ कापलेले नव्हते, कापड कापायच्या कात्रीने घाईघाईत कापले की होतात तसे झाले होते.

हसणं थांबल्यावर वर्गशिक्षिका म्हणाल्या, "चल बाळ, आपल्या जागेवर ये. चिमीशेजारी."

मुलगी उठली नाही.

"अगं, मावशी स्वतः सांगायला आल्यात ना? चल, ये पुढे."

"नको," ती म्हणाली. "इथंच बरं आहे."

रागाने म्हणाली असती तर समजूत घालता आली असती. ती फक्त सांगत होती. वर्गशिक्षिकांनी मावशींकडे पाहिलं. मावशींना वाटलं होतं, वर्गात सांगितलं की ही पोर पुढे येईल, हसेल, निदान रडेल तरी. पुढचं काही त्यांनी ठरवलेलं नव्हतं. त्या बाकांच्या मधून चालत मागे गेल्या. तिच्या बाकाच्या अर्ध्या भागावर दप्तर ठेवलेलं होतं. उरलेल्या कडेवर मावशी कशाबशा टेकल्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. गुडघे समोरच्या फळीला लागत होते. वर्गशिक्षिका फळ्याकडे वळून वजाबाकी लिहायला लागल्या.

मुलगी वहीत गणित उतरवत होती. तिसरं गणित उतरवून झाल्यावर तिने वर न बघता विचारलं, "मावशी, केस किती दिवसांत येतात?"

मावशींनी आयुष्यात हजारो डोकी पाहिली होती. लवकर येतील, बघता बघता येतील, असं म्हणणं सोपं होतं.

"सावकाश येतात," त्या म्हणाल्या. "महिन्याला अर्धं पेर. त्याहून जास्त नाही."

मुलीने पेन्सिल ठेवली. हात मागे नेऊन कंबरेवर टेकवला. "इथपर्यंत यायला?"

मावशींनी मनात हिशेब केला. दोनदा केला.

"तू सातवीत जाशील तेव्हा."

मुलीने एकेक बोट मिटलं. चौथी, पाचवी, सहावी, सातवी. त्या मिटलेल्या बोटांकडे ती थोडा वेळ बघत राहिली. मग तिने बाकावरचं दप्तर उचललं आणि खाली ठेवलं.