बेट की पेट?

अप्पांच्या ऐकण्यात काहीतरी घोटाळा झालाय, अशी तुळसीची खात्री होती. तंजावरी मराठी बोलणाऱ्या त्यांच्या घरात तमिळच्या संगतीनं ‘ब’ आणि ‘प’ पिढ्यान्‌पिढ्या एकाच पानावर जेवत आलेले. मध्यस्थ म्हणाला, ‘मुलगा बेटात असतो.’ अप्पांना वाटलं असणार, चेन्नैतल्या क्रोमपेट, सैदापेट तशी कुठली तरी पेट. नाहीतर कॅनडातल्या सरोवरातल्या बेटावर मुलगी द्यायला कोणता बाप एवढा उतावीळ होईल?

संध्याकाळी वेस्ट मांबलमच्या त्यांच्या फ्लॅटवर पाहुणे तांबूल बदलून लग्न पक्कं करायला येणार होते. एकदा ताटं बदलली की संपलंच. शाळेत ती भूगोल शिकवायची. म्हटलं, आज तोच कामी येऊ दे. फोनवर नकाशा उघडून ती अप्पांपुढे बसली.

“अप्पा, ही पेट नव्हे. तीवु, बेट! चारीकडून पाणी अहे.”

“दिसतें की.”

“चेन्नैच्या कितीतरी पट मोठं. माणसं मात्र दिवाळीत रंगनाथन स्ट्रीटवर असतात तेवढीही नाहीत. बेटाच्या पोटात तळी, त्या तळ्यांत आणखी बेटं. बोट चालते ती उन्हाळ्यात. एरवी बाहेर पडायला एकच पूल.”

“एकच?” अप्पांनी चष्मा चढवला.

तुळसीला हुरूप आला. “एकच! एका वेळी एका बाजूच्याच गाड्या जातात. खालून नाव जायची असली की पूलच फिरवून ठेवतात.”

“रेल्वे?”

“नाही.”

“बस?”

“सिटी बस कुठली, अप्पा! स्वतःची गाडी नसली तर घरात बसायचं.”

अप्पांनी फोन हळूच तिच्या हातात परत दिला. “म्हणून तर हो म्हटलों, गे. तुझ्या अक्काला तिरुचीला दिली. आठ महिन्यांत बस धरून परत आली. तशी तू येऊ नको.”

ते रागानं बोलले नव्हते. उलट तिच्या डोक्यावरून त्यांनी मायेनं हात फिरवला, आणि तुळसीला त्या हाताची भीती वाटली. आपण इतका वेळ सांगत होतो काय, आणि ते मोजत होते काय! तिला रडूही येईना.

तीच अक्का, नंदिता, कॉफी घेऊन दारातच थबकली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

अप्पांनी तिच्या हातून टंबलर घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाले, “छान झालीय. पाहुणे जाईतों तू आतच राहा, कडी लावून.”