भाचीच्या विरोधात एक मत

तोफेची दाढ ठणकायला लागली ती नेमकी निवड समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी. सकाळपर्यंत गाल असा सुजला की आरशात तिला स्वतःच्याच जागी कोणी पुढारी दिसला. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, दाढेला शिव्या घालून झाल्या. दाढ बधेना. नेहमीचा दातांचा डॉक्टर परगावी गेलेला. उरला एकच, तिचा थोरला भाऊ. आणि हा भाऊ म्हणजे भिंगरीचा बाप.

तोफ ही एके काळची राष्ट्रीय महिला संघाची जलद गोलंदाज. आता पन्नाशी उलटलेली, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, उजवा खांदा कामातून गेलेला. आवाज तेवढा जसाच्या तसा. निवड समितीत ती तिसरी. भिंगरी तिची भाची, वय वर्षं वीस, डावखुरी फलंदाज आणि ऑफस्पिन गोलंदाज. लहानपणापासून एका जागी न बसणारी म्हणून भिंगरी. महिन्यापूर्वी देशांतर्गत स्पर्धेच्या अंतिम सामन्यात या पोरीने आधी हरलेला डाव ओढून काढला आणि मग समोरच्यांची अर्धी फळी गुंडाळली. त्या दिवसापासून देशात दोन पक्ष पडले होते. एक 'घ्या तिला' पक्ष, दुसरा 'एवढ्यात काय घाई आहे' पक्ष. टीव्हीवर माजी खेळाडू एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. त्यातल्या एकाने तर आयुष्यात कधी धावून एक धाव घेतली नव्हती.

तोफ दुसऱ्या पक्षात होती. अर्थात हे तिने अजून कोणालाच सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात खुर्चीवर आडवी होण्याआधी तिने भावाला बजावलं, "आधी शपथ घे. क्रिकेटचा क काढायचा नाही."

"घेतली. आ कर."

त्याने भूल दिली, तोंडात थुंकी ओढणारी नळी अडकवली, गालाच्या आत कापसाचे बोळे कोंबले, ड्रिल हातात घेतलं आणि म्हणाला, "हं. आता ऐक."

तोफेने डोळे मोठे केले. तेवढंच हातात होतं.

"अख्खा देश म्हणतोय घ्या. पेपरवाले म्हणतायत घ्या. आमचा एक्स-रेवाला, ज्याला बॅट कुठल्या बाजूने धरतात ते माहीत नाही, तोही म्हणतो घ्या. आणि तू तोंड शिवून बसलीयेस!"

"आँ आँ आँऽऽ!" म्हणजे, नालायका, आधी दाढ बघ.

"तेच म्हणतोय मी." ड्रिल घुर्र करत आत शिरलं. "दुखणार नाही. दुखलं तर बोट वर कर."

तोफेने तर्जनी वर केली. ड्रिल थांबलं. भाऊ बोटाकडे बघत राहिला.

"आउट? कोणाला आउट देतेस? माझी पोरगी नाबाद आहे."

बाहेर बाकावर गाल धरून बसलेला पेशंट दारातून ओरडला, "घ्या हो बाई तिला! घ्या एकदाची, म्हणजे माझा तरी नंबर लागेल!"

भावाने दार लोटून घेतलं. मग परत ड्रिलला लागला. तोफेला वाटलं, संपलं. पण दाढेत काहीतरी भरता भरता तो खालच्या आवाजात म्हणाला, "एकच विचारतो. ती परकी असती, कोण्या दुसऱ्याची पोर असती, तर घेतली असतीस ना? माझी म्हणून कात्री लावतेयस. लोक काय म्हणतील म्हणून."

हे मात्र दाढेपेक्षा खोल गेलं. कारण उत्तर तिला ठाऊक नव्हतं.

"थुंक," भाऊ म्हणाला. "रूट कॅनाल आहे, एका बैठकीत होत नाही. उरलेलं नंतर करू. निकाल लागल्यावर."

दुपारी बैठक होती. तोफ तिथे पोचली तेव्हा जीभ, ओठ, हनुवटी, सगळं परक्याचं झालेलं. चहा घेतला तर अर्धा साडीवर. अध्यक्ष टेबलाच्या टोकाला आधीच विसावले होते. हे गृहस्थ जेवणानंतरच्या बैठकीत डोळे मिटून विचार करत आणि कधी कधी विचार करताना घोरत. त्यांच्या शेजारी कासवबाई, पूर्वीची सलामीची फलंदाज. एका सामन्यात ती इतका वेळ धाव न काढता उभी होती म्हणे, की पंचांनी जवळ जाऊन तब्येत विचारली होती.

बाकी नावं पटापट झाली. भिंगरीचं नाव आलं आणि अध्यक्षांचे डोळे उघडले. "नियमाप्रमाणे मॅडम, नातेवाइकाने बाहेर जायचं."

"वला आधी दोलायचंय," तोफ म्हणाली. ओठच हलत नव्हते.

"हो हो, डोलायचं नंतर," अध्यक्ष मायेने म्हणाले आणि दार दाखवलं.

बाहेर भिंतीवर जुन्या संघांचे फोटो होते. एकात ती स्वतः होती, बारीक, चिडलेली, केसांचा टोपला. मनाशी तिने सगळं जुळवून ठेवलं होतं. पोरीची फिरकी चांगली, पण दोन चेंडू धाव गेली नाही की कंटाळते आणि काहीतरी करामत करायला जाते. फलंदाजी झकास, पण चेंडू गळ्याशी उसळला की डोळे मिटून बॅट अशी धरते जशी पावसात छत्री. देशातल्या स्पर्धेत गळ्यापर्यंत चेंडू आणणारं कोणी नाही म्हणून निभतंय. एक वर्ष थांबवा, मग घ्या. त्यांनी विचारलं की हेच सांगायचं.

त्यांनी विचारलंच नाही. फोटोतले चेहरेही बघून व्हायच्या आत दार उघडलं. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर लग्न जमवून दिलेल्या माणसाचं समाधान होतं.

"झालं हो मॅडम तुमचं काम."

"हसलं हाम?"

"घेतली भाचीला. एकमताने."

तोफेने टेबलावर हात आपटला. "नहो! ती लायह नाही अजून!"

"लायक आहे ना? तेच तर आम्ही म्हणतोय."

"ना-ही! नाही!"

"बघा," अध्यक्ष कासवबाईंकडे वळले, "याला म्हणतात विनय. आमच्या साडूच्या मुलाला कुठेतरी चिकटवला तेव्हा साडू असा एकदाही नाही म्हणाला नव्हता."

तोफेने जीभ दातांवर घासून जागी केली आणि एकेक शब्द सुटा करून कासवबाईंना विचारलं, "तुम्ही. तिला. खेळताना. बघितलंय?"

कासवबाई ओशाळल्या. "बघितलंय की. टीव्हीवर. जाहिरातींच्या मधे मधे. पण मी म्हटलं, तुमचीच भाची, तुम्हाला वाईट नको वाटायला."

"वाझं एक वत विरोधात लिहा."

"नातेवाइकाला मत नाही," अध्यक्ष म्हणाले. "नियम आहे."

"वग वाझ्यासाठी घेतली ती कुठल्या नियमात?"

"तो नियम नाही हो," अध्यक्ष पुन्हा डोळे मिटता मिटता म्हणाले. "ती आपुलकी."

संध्याकाळी दौऱ्याचा संघ जाहीर झाला. टीव्हीवाल्यांनी पहिल्याच दमात आत्या शोधून काढली. 'आत्याबाईंचा आशीर्वाद' अशी पट्टी पडद्याखाली सरकू लागली. 'घ्या तिला' पक्षातले अर्धे लोक तासाभरात फुटून दुसऱ्या पक्षात गेले. भावाचा फोन आला. तो इतका खुशीत होता की रडत होता. "उरलेली दाढ फुकट! पुढच्या सगळ्या दाढा फुकट!"

"मी काही केलं नाही, दादा."

"कळतं गं मला. असं उघड बोलायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोफ एका बाजूने मऊ भात गिळत होती तेव्हा भिंगरी आली. चप्पल न काढता आत शिरली, खुर्ची उलटी फिरवून तिच्यावर बसली.

"आत्या, एकच सांग. मी लायक म्हणून घेतलं, की तुझी म्हणून?"

खोटं बोलणं सोपं होतं, आणि तोंडात घास असल्यामुळे वेळही मिळाला होता. तोफेने घास गिळला.

"माझी म्हणून. मी नको म्हणत होते. कोणी ऐकलंच नाही."

भिंगरीचा चेहरा लाल झाला. पाय हलायचा थांबला, आणि ही गोष्ट त्या घरात क्वचितच घडली होती.

"का नको?"

"चेंडू गळ्याशी आला की डोळे मिटतेस."

"सगळेच मिटतात!"

"मिटतात. पण चेंडू आल्यावर. तू बोलरचा चेहरा बघूनच मिटतेस."

"बाबा म्हणतात मी तयार आहे."

"तुझ्या बाबाने मला काल दुखणार नाही असंही सांगितलं होतं."

भिंगरी उठली. खिडकीपाशी गेली, परत आली. डोळे भरले होते, पण आवाज ताठ होता. "मग मी नाव मागे घेते. फुकटची जागा नको मला. आत्ता फोन करते."

"खबरदार!" तोफ अशी गरजली की दाढेतून कळ मस्तकात गेली. "चुकून मिळालेली जागा परत करायला आपण काय साधुसंत आहोत? इथे अर्ध्या जणींना चुकूनच मिळते. त्यांना ते कळत नाही आणि तुला कळलं, एवढाच फरक. तू बाहेर झालीस तर त्या जागेवर अध्यक्षांच्या साडूची कोणी यायची. बॅट आणलीयेस?"

"गाडीत आहे."

"आण. आणि चेहरा धू. रडक्या पोरीला चेंडू टाकायला मजा येत नाही."

बिल्डिंगच्या मागे सिमेंटचं अंगण होतं. तोफेने टेनिसचे चेंडू बादलीत भिजवले. खांद्यामुळे हात वर जाईना, म्हणून निम्म्या अंतरावर उभी राहून ती फेकायची, आणि फेकायची ती सरळ गळ्याशी. ओला चेंडू अंगावर चपराकीसारखा बसतो. भिंगरी कळवळायची.

"तू आत्या आहेस की वैरीण?"

"आत्ता गोलंदाज आहे. आत्या जेवायच्या वेळेला. डोळे उघड!"

दौऱ्यावर जाईपर्यंत रोज हेच. पोरगी काही एका रात्रीत शहाणी झाली नाही. पण हळूहळू छत्री उघडायला उशीर होऊ लागला. कधी ती वाकून चेंडू डोक्यावरून जाऊ द्यायची, कधी हातावर घ्यायची आणि असल्या शिव्या द्यायची की तोफेला कौतुक वाटायचं. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक खिडकीतून म्हणाले, "पोरीला मारता काय हो?" तोफ म्हणाली, "मारत नाही, संघात घेतेय."

पहिला सामना सगळ्यांनी भावाच्या घरी बघितला. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन बसली, कारण तिला बघवत नव्हतं, आणि दर मिनिटाला तिथून ओरडत होती, "काय झालं? सांगा ना काय झालं!"

झालं ते असं. भिंगरी सातवी आली. समोर एक धिप्पाड गोलंदाज, जिने बहुधा टीव्हीवरच्या चर्चा ऐकल्या होत्या. दुसराच चेंडू उसळून बरगडीवर बसला. आवाज इथे सोफ्यावर ऐकू आला. भिंगरी गुडघ्यावर बसली. भाऊ टीव्हीला म्हणाला, "बाळा, ये परत. सोड ते."  तोफेने उशी घट्ट धरली होती.

पोरगी उठली. पुढचा चेंडू तसाच, आणखी वर. तिने तो मारला. फटका इतका कुरूप होता की समालोचक गप्प झाला, पण चेंडू यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून सीमेपार गेला. मग तिने थोड्याशा बऱ्या धावा काढल्या आणि नसती धाव घ्यायला पळून स्वतःच्या मूर्खपणाने धावबाद झाली. गोलंदाजीत कंटाळली, करामत करायला गेली, दोन षटकार खाल्ले. तोफेने कपाळावर हात मारला. तेवढ्यात तशाच करामतीवर समोरच्यांची सगळ्यात मोठी फलंदाज त्रिफळाचीत झाली. सामना मात्र हरले.

"मी म्हटलं नव्हतं?" भाऊ आणि तोफ एकाच वेळी म्हणाले.

"काय म्हटलं होतंस तू?"

"लायक आहे म्हणून! तू?"

"कच्ची आहे म्हणून!"

वहिनी हातात उलथनं घेऊन बाहेर आली. "तिची बरगडी कशी आहे ते विचारा आधी. लायकी जाऊ द्या चुलीत."

थोड्या वेळाने भिंगरीचाच फोन आला. आईशी बोलली, बापाशी बोलली, मग आत्याला मागितलं.

"बघितलंस? डोळे उघडे होते."

"बघितलं. चेंडू दिसला?"

"दिसला. अगदी अंगात शिरेपर्यंत." ती हसायला गेली आणि विव्हळली. "दिसला की जास्त लागतं गं, आत्या."

"लागतंच," तोफ म्हणाली. आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण भाऊ शेजारी कान देऊन उभा होता, म्हणून तिने धावबादवरून भाचीला मनसोक्त झापलं आणि फोन ठेवला.

पुढच्या मालिकेच्या निवडीला भिंगरीचं नाव आलं तशी तोफ कोणी न सांगता उठून बाहेर गेली. या खेपेला दार लवकर उघडेना. आतून आवाज येऊ लागले. अध्यक्ष म्हणत होते, दोन षटकार, धावबाद, लोक नावं ठेवतात, बास झालं. कासवबाई म्हणत होत्या, अजिबात नाही. मी सगळे चेंडू बघितलेत, जाहिराती सोडून सगळे, एकेक चेंडू सांगते, ऐका. मग काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. जन्मात कशाची घाई न केलेल्या बाईने बहुधा टेबल वाजवलं होतं. अध्यक्ष टक्क जागे होते आणि तारस्वरात ओरडत होते. आत्या, भाची, मॅडमना काय वाटेल, यातला एक शब्द कोणाच्या तोंडी नव्हता.

शिपाई जवळ आला. "आत घेत नाहीत का मॅडम तुम्हाला?"

"नाही. भांडतायत."

"मग हसताय काय?"

तोफेने दाराला कान लावला. कासवबाई पहिल्या चेंडूपासून सुरुवात करत होत्या.

"एक खुर्ची आणा हो," ती म्हणाली. "वेळ लागणार आहे."