दहा टक्क्यांच्या आत

दीनाला ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत बोलावलं होतं. ग्रंथपाल पंकजा मॅडमनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. तिच्या पीएच.डी.च्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण उचलेगिरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरने वरपासून खालपर्यंत लाल केलं होतं.

"साम्य चाळीस टक्क्यांच्या वर आहे," मॅडम म्हणाल्या. "विद्यापीठाला दहाच्या आत लागतं. तू असं काही करशील असं वाटलं नव्हतं गं."

"मी कुठून उतरवणार, मॅडम? सुप्याच्या एमआयडीसीत पाळ्या करणाऱ्या बायकांवर आधी लिहिलंय कुणी?"

"लिहिलंय की." मॅडमनी एक बटण दाबलं. गेल्या वर्षी छापून आलेला एक लेख उघडला. वर लेखकाचं नाव होतं डॉ. रविराज. दीनाचे मार्गदर्शक.

दीनाने पहिला परिच्छेद वाचला. "हा माझा परिच्छेद आहे, मॅडम!" पुढचाही तिचाच. भिंगारहून पहाटेची एसटी पकडून, कंपनीच्या गेटबाहेर ताटकळून, बायकांच्या घरी जाऊन तिने जे बोलणं टिपून आणलं होतं, ते सगळं तिथे होतं. प्रकरण लिहून झाल्यावर तिनेच ते सरांना तपासायला मेल केलं होतं. सरांनी तपासलं नव्हतं, नुसतं छापलं होतं! आणि त्यांचं आधी छापलं गेल्यामुळे कागदोपत्री चोर कोण, तर दीना.

"तक्रार करायची तर वाङ्मयचौर्य प्रतिबंध समितीकडे अर्ज दे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "अध्यक्ष कोण आहेत, माहीत आहे ना?"

माहीत होतं. अध्यक्ष रविराज सरच होते. दरवर्षी नव्या मुलांपुढे तासभर भाषण ठोकायचे. दुसऱ्याचं वाक्य उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास उचलणं, असं सांगायचे. मुलं टाळ्या वाजवायची. दीनानेही वाजवल्या होत्या.

ती तशीच सरांच्या केबिनमध्ये गेली. सर चिडले नाहीत, दचकले नाहीत. उलट त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली. माणूस गोड होता, हीच तर पंचाईत होती.

"अगं, मार्गदर्शक आणि विद्यार्थी म्हणजे एकच घर," ते म्हणाले. "मला बढतीसाठी एक लेख कमी पडत होता. तुला सांगायचं राहून गेलं बघ. एवढं काय त्यात? तुझं विवेचन जरा वेगळ्या शब्दांत लिही. मुलाखतींना अवतरणचिन्हं घाल आणि खाली तळटीप दे, माझ्या लेखाचा संदर्भ. सॉफ्टवेअर तेवढं वगळतं."

"सर, पण मुलाखती मी घेतल्यात."

"मग? मी कुठे नाही म्हणतोय? पण नोंदणीची मुदत या महिनाअखेर संपते. आता मार्गदर्शक बदलायचा म्हटलं तरी माझं ना-हरकत पत्र लागेल." सरांनी घड्याळ पाहिलं. "आणि तासिका तत्त्वावर आणखी किती वर्षं शिकवणार आहेस तू?"

धमकी नव्हती ती. काळजीच्या सुरात म्हटलं होतं सगळं. दीनाला कुठून बाहेर पडावं तेच कळेना. बोलावं तर पदवी जात होती, गप्प बसावं तर काम जात होतं. आणि दोन्हीकडे सही सरांचीच लागणार होती.

घरी तिचे वडील इसहाक लष्करी छावणीतल्या नोकरीतून निवृत्त होऊन बसले होते. चर्चमध्ये भेटेल त्याला सांगायचे, पोरगी आता डॉक्टर होतेय, इंजेक्शनवाली नव्हे, पुस्तकवाली. त्यांना ती काय सांगणार? "थोड्या दुरुस्त्या आहेत, पप्पा," एवढं म्हणून ती लॅपटॉप घेऊन बसली.

विवेचन बदलणं जमलं. स्वतःचीच वाक्यं मोडायची, फिरवायची आणि परक्याची असल्यासारखी पुन्हा लिहायची. खरा जीव गेला तो मुलाखतींत. डबे भरण्याच्या विभागातल्या चांगुणाबाई म्हणाल्या होत्या, "बसायला स्टूल हाय, पन बसलं की सुपरवायझर बघतो. म्हनून आमी उभ्याच. पाय लई सुजत्यात, पन घरी कुनाला सांगत न्हाई." हे सांगताना बाईंनी पदराने डोळे पुसले होते, ते दीनाच्या समोर. आता त्याला अवतरणचिन्हं लागली आणि खाली तळटीप आली: पाहा, डॉ. रविराज. एकेक तळटीप टाकताना तिला स्वतःची किळस आली, आणि तरी ती टाकत राहिली. दुसरं करणार काय?

एका पानावर मात्र तिचा हात थांबला. मुलाखत कशी उतरवायची हे सरांनीच तिला शिकवलं होतं. बाईंचा खोकलासुद्धा लिहायचा, मधलं काही गाळायचं नाही. आणि दीनाने आज्ञाधारकपणे सगळं लिहिलं होतं. सुजलेल्या पायांचं सांगता सांगता चांगुणाबाई मध्येच म्हणाल्या होत्या, "चहा घे गं दीना, गार हुतोय."

तिने सरांचा लेख पुन्हा उघडला. तिथेही बाई चहा देत होत्या. दीनालाच.

 मग तिने बाकीच्या सगळ्या तळटिपा टाकल्या आणि ती एक ओळ होती तशी ठेवली. ना चिन्ह, ना संदर्भ.

नवा अहवाल आला तेव्हा साम्य दहाच्या कितीतरी आत होतं. किरकोळ शब्द सोडले तर लाल अशी ती एकच ओळ उरली होती, आणि शेजारी स्रोत म्हणून सरांच्या लेखाचं नाव.

"हिलाही चिन्हं घालून टाक," पंकजा मॅडम म्हणाल्या, "म्हणजे अहवाल अगदी स्वच्छ."

"राहू द्या, मॅडम. चालतं ना एवढं?"

मॅडमनी ओळ वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. दीनाकडे एकदा बघितलं आणि अहवालावर शिक्का मारला.

हा अहवाल प्रबंधाच्या शेवटी बांधावा लागतो, मार्गदर्शकाच्या सहीने. दीनाने तो सरांपुढे ठेवला. सरांनी टक्का बघितला, "शाब्बास" म्हणाले आणि सही केली. त्यांनी वाचलं नाही. आजवर कधी वाचलं होतं?

तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून एक वयस्क परीक्षक आल्या. पहिल्या रांगेत इसहाक ठेवणीतला कोट घालून बसले होते. दीनाचं सादरीकरण झालं, प्रश्न झाले. सर कौतुकाने मान डोलवत होते. मग परीक्षक बाईंनी प्रबंध शेवटून उघडला.

"एक छोटी शंका आहे. या मुलाखतींचा संदर्भ जागोजागी रविराज सरांच्या लेखाचा दिलाय. म्हणजे मुलाखती सरांनी घेतल्या, असंच ना?"

दीनाने सरांकडे पाहिलं. सरांची मान डोलायची थांबली. पुढे तिची पदवी होती, मागे पप्पा होते.

"मग सरांच्या लेखात," बाईंनी लाल ओळीवर बोट ठेवलं, "या चांगुणाबाई 'चहा घे गं दीना' असं कुणाला म्हणताहेत?"

"ते सरांना विचारा, मॅडम," दीना म्हणाली. "चहा मी प्यायले होते."