ऊठ म्हणायचं राहून गेलं

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. आधीच सांगून टाकते, माझ्यात बसायला आता काही भीती नाही. वेत दोन ठिकाणी फाटला आहे, तेवढं सांभाळा. पूर्वीची गोष्ट वेगळी होती. तेव्हा माझ्यात बसलेलं मूल आपणहून उठत नसे.

आम्ही सहा बहिणी. सुताराने आम्हाला एकाच झाडाच्या लाकडातून घडवलं. पाच जणी साध्या, मला तेवढे दोन हात. "ही घरातल्या मोठ्या माणसाची," असं म्हणत त्याने माझ्या हातांवर जरा जास्तच वेळ पॉलिश पेपर घासला. माझा मागचा एक पाय केसभर आखूड राहिला होता. तो त्याने खाली चकती ठोकून झाकला आणि गिऱ्हाइकाला काही बोलला नाही.

ज्या घरी मी गेले, तिथलं मोठं माणूस म्हणजे आजोबा. एका मोठ्या हॉटेलात ते तीस वर्षं वाढप्यांचे मुकादम होते. हजारो लोकांना त्यांनी जेवताना पाहिलं होतं. शितावरून भाताची आणि मुलाच्या जेवण्यावरून घराची परीक्षा होते, असं ते म्हणत. मुलगा आणि सून दिवसभर कामावर जात, त्यामुळे दोन्ही नातवंडांना जेवू घालणं त्यांच्याकडे होतं. थोरली आठ वर्षांची, धाकटा पाचचा.

नियम बरेच होते. कोपर टेबलावर नाही. चमचा ताटावर वाजवायचा नाही. घास तोंडात असताना बोलायचं नाही. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. हवं ते बोटाने दाखवायचं नाही, नाव घेऊन मागायचं. आणि शेवटचा नियम असा, की जेवण झाल्यावर "उठू का?" असं एकदाच विचारायचं. आजोबा माझ्या उजव्या हातावर दोन बोटांनी टक टक करत आणि म्हणत, "ऊठ." त्याशिवाय कोणी जागचं हलायचं नाही. पुन्हा पुन्हा विचारणं त्यांच्या मते उद्धटपणात जमा होतं.

पण ते कठोर होते असं समजू नका. सुट्टीच्या दिवशी त्या खोलीचं हॉटेल होई. आजोबा हातावर पांढरा रुमाल टाकून धाकट्यासमोर वाकून उभे राहत आणि म्हणत, "काय आणू साहेब?" साहेबांचे पाय जमिनीला टेकत नसत. साहेब विचार करून म्हणत, "कृपया मटार. पण थोडेच." मग सगळे हसत. त्या हसण्याने माझा वेतही थरथरत असे.

आजोबांना एक खोड मात्र होती. कधी कधी जेवण झालं की ते मुद्दाम डोळे मिटून बसत. मुलं चुळबुळ करतात का, कुजबुजतात का, हे ते पापण्यांच्या फटीतून बघत. मुलं हूं की चूं न करता बसून राहिली, तर खुशीत दोघांच्याही पाठीवर थाप पडे.

त्या दुपारीही आजोबांनी डोळे मिटले. मुलांची ताटं स्वच्छ होती. थोरलीने विचारलं, "आजोबा, उठू का?" उत्तर आलं नाही. तिने धाकट्याकडे पाहून डोळे मोठे केले, म्हणजे परीक्षा चालू आहे. दोघं पाठ ताठ करून आणि हात मांडीवर ठेवून बसली.

मित्रांनो, मला कळलं होतं. माणूस झोपला तर त्याचं वजन सैल पडतं. हे वजन तसं नव्हतं. ते माझ्या चारही पायांत उतरत चाललं होतं, गार आणि सरळ. पण लाकडाला तोंड कुठे असतं? खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर गेलं, भिंतीवरून छताकडे गेलं. धाकट्याची चड्डी ओली झाली, तरी त्याने ब्र काढला नाही. थोरली आजोबांच्या दोन बोटांकडे टक लावून बघत होती. एकदा तिचे ओठ हलले. पण एकदा विचारून झालं होतं.

सहा वाजता आई आली. दाराशीच ती थबकली. अंधारत चाललेल्या खोलीत तिघं जण ताठ बसले होते.

"अगं, दिवा नाही का लावायचा?"

थोरलीने ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "आई, आजोबांनी अजून ऊठ म्हटलं नाही."

डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, किती वाजता जेवलात ते विचारलं आणि सहज बोलून गेले, "थोडं आधी कळलं असतं तर..." मग मुलांकडे लक्ष जाऊन त्यांनी पुढचं गिळलं. थोरलीने ते ऐकलं होतं. तिचा चेहरा मी पाहिला आणि मला फार वाईट वाटलं.

आजोबांना उचलून नेलं. वजन मात्र माझ्यातच राहिलं. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांना ऊठ म्हटलं, त्यांना कोणी उठा म्हटलंच नव्हतं. नियम तो नियम. ते बसून राहिले.

त्या घराने पुन्हा टेबलावर जेवण घेतलं नाही. काही वर्षांनी घर बदलताना आम्हा बहिणींना विकलं, आणि मी एकटी एका हॉटेलात आले. मला टेम्पोतून उतरवताना हमाल म्हणाला, "बाकीच्या पाच वाटेत एका हाताने उतरवल्या. हिच्यात काय दगड भरलेत?" दोघांनी मिळून मला आत नेलं. मालकीणबाईंनी मला फुलाफुलांचं कापड शिवून चढवलं.

आता हॉटेलातली मुलं तुम्हाला माहीत आहेत. तुम्हीच ती. टेबलाखाली शिरणारी, मिठाची डबी उपडी करणारी, शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे भूत बघितल्यासारखी बघत राहणारी. असं एक मूल एकदा बापाने वैतागून माझ्यात बसवलं. ते गप्प झालं. त्याने कोपर खाली घेतलं, तोंड मिटून घास चावला. जेवण झाल्यावर बारीक आवाजात त्याने विचारलं, "उठू का?" त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. बाप खूश होऊन हसला आणि म्हणाला, "ऊठ की." तेव्हाच ते उठलं.

माझं नाव झालं. लोक फोन करून मला राखून ठेवू लागले. मालकीणबाई म्हणत, "आमची शिस्तीची खुर्ची." मीही हरभऱ्याच्या झाडावर चढले, खोटं कशाला बोलू? काही गोष्टी कानांवर येत, पण मी तिकडे काणाडोळा करी. एक मुलगी आईला म्हणाली, "आई, या खुर्चीला मांडी आहे." आईने ते हसण्यावारी नेलं. एका मुलाला आईबाप विसरून हात धुवायला गेले, तर परत येईपर्यंत तो पापणी न लववता बसला होता.

मग बऱ्याच वर्षांनी एका दुपारी थोरली आली. मी तिला चालण्यावरून ओळखलं. तिने मला ओळखलं नाही, कारण माझ्यावर फुलांचं कापड होतं. बरोबर धाकटा होता, आता पोट सुटलेला मामा, आणि तिची चार वर्षांची लेक. लेकीला सगळे भिंगरी म्हणत आणि ते नाव अगदी शोभत होतं. घरी ती घास घेऊन पळायची आणि आई ताट घेऊन मागे. जेवणाच्या बाबतीत लेकीला एकही नियम लावायचा नाही, असा थोरलीने कानाला खडा लावला होता. नियम लावायला गेलं की तिला डॉक्टरांचं ते अर्धं वाक्य ऐकू यायचं.

"हिला त्या खुर्चीत बसवा," मालकीणबाई म्हणाल्या. भिंगरी बसली आणि थांबली.

"ताई, ही खुर्ची घरीच घेऊन जाऊ," मामा म्हणाला. बहीणभाऊ कितीतरी दिवसांनी निवांत बोलू लागले. शेवटी सफरचंदाच्या फोडी आल्या. भिंगरीने एक तोंडात घातली आणि ती घशात अडकली.

ती खोकली नाही. घास तोंडात होता. तिने आईला हाक मारली नाही, कारण मोठी माणसं बोलत होती. हात मांडीवर ठेवून ती ताठ बसली. तिचे डोळे मोठे होत गेले आणि ओठ निळे पडू लागले. मी चारही पायांनी जमीन धरून नुसती उभी. मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या सगळ्या कौतुकाची शिसारी आली.

तेवढ्यात माझ्या उजव्या हातावर आवाज झाला. टक टक. भिंगरीचे हात तर मांडीवर होते.

आवाजामागून शब्द आला नाही. आजोबा तिला ऊठ म्हणायला बघत होते, पण त्यांचंच उठणं राहिलं होतं.

थोरलीने गर्रकन मान वळवली. दुपारपासून सहा वाजेपर्यंत तिने ज्या आवाजाची वाट पाहिली होती, तो हाच. तिने लेकीला काखेत धरून ओढलं. भिंगरी हलेना. मामाने ओढलं, तरी हलेना. मग थोरलीची नजर कापडातून बाहेर आलेल्या माझ्या लाकडी हाताकडे गेली. तिने तो धरला आणि शांतपणे म्हणाली, "आजोबा, जेवण झालं. उठा तुम्ही."

माझा वेत करकरला. एक भलं मोठं वजन माझ्यावरून उठलं आणि चकती झिजलेला माझा आखूड पाय कित्येक वर्षांनी जमिनीवर डुगडुगला. भिंगरी आईच्या हातात आली. मामाने तिला पालथं धरून पाठीत दोन धपाटे घातले आणि फोड फरशीवर पडली.

श्वास परत आल्यावर ती म्हणाली, "तोंडात घास होता ना, म्हणून नाही बोलले." थोरली तिला कुशीत घेऊन रडली. "मी त्या दिवशी एकदाच विचारलं रे," ती भावाला म्हणाली. मामा म्हणाला, "आपल्याला तेवढंच शिकवलं होतं, ताई."

त्यानंतर मी साधी खुर्ची झाले. मुलं माझ्यात चुळबुळ करू लागली, एकाने माझ्यावर सूप सांडलं. मालकीणबाईंचा उत्साह ओसरला. आता मी मागच्या खोलीत, कांद्याच्या पोत्यांशेजारी असते. वेत कोणी बदलत नाही, चकतीही पडून गेली. थोडं दुःख होतं. पण हलकं वाटतं.

लहान तोंडी मोठा घास घेते, रागावू नका. चमचा वाजवू नका, कोपर खाली घ्या, हवं ते नीट मागा. हे आजोबांचं खरंच होतं. पण घशात काही अडकलं, तर ताट उलटं झालं तरी चालेल, उठा. एकदा विचारून उत्तर आलं नाही, तर दुसऱ्यांदा विचारा आणि तिसऱ्यांदा खांदा धरून हलवा. तो उद्धटपणा नव्हे. आणि रोज तुम्हाला ऊठ म्हणणारं जे माणूस असेल, त्याचंही जेवण झालं की जवळ जाऊन विचारत जा, "तुम्ही उठताय ना?"

त्यांना हे कोणीच विचारत नाही.